रंगाखाली गुदमरलेली खिडकी

मी एक जुनी सागवानी खिडकी आहे. मुलुंडच्या एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर गुणाजी आणि सुगंधा भाड्याने राहतात, त्यांच्या स्वयंपाकघरात माझा मुक्काम. इतर खिडक्या दारासारख्या उघडतात. माझे खालचे तावदान मात्र वर सरकते. चौकटीच्या पोटात दोरीला लोखंडी वजने टांगलेली आहेत, त्यांच्या जोरावर ते हवे तिथे थांबते. धोंडिराम सुताराने मला बसवले तेव्हा आळीतली पोरे बघायला जमत. कौतुक कोणाला आवडत नाही?

मित्रांनो, माझा घात मात्र प्रेमानेच झाला. दरवर्षी गणपतीआधी गुणाजी मला हौसेने ऑइलपेंट लावी. गिरणीची पाळी सांभाळून खरवडत कोण बसणार? तो जुन्यावरच नवा रंग फासत असे. फटी बुजल्या, दोऱ्या चिकटल्या आणि एके वर्षी मी बसले ती बसलेच. वरून नवरीसारखी नटलेली, आत जीव कोंडलेला!

मग ब्याऐंशीचा संप आला. गिरणी सुटली, रंग लावणेही सुटले. गुणाजी भिंतीला टेकून गप्प बसून राही. इकडे स्टोव्हच्या धुराने सुगंधाची छाती भरू लागली. भाजी परतता परतता ती धापा टाकी, आणि मी समोर असून तिला वाऱ्याची एक झुळूक देऊ शकत नव्हते. मला स्वतःचीच लाज वाटे.

एका श्रावणात ती कळवळून म्हणाली, "अवो, ह्या धुरात माजो जीव जातलो."

शेजारचा अनंत तिथेच होता. "काढून टाक ना यार ही! ॲल्युमिनियमची सरकती बसव, झकास!"

गुणाजीने पहार आणून माझ्या फटीत घातली. करकन चीर गेली. भरले आपले दिवस, असे मला वाटले.

"थांबा!" सुगंधा ओरडली. "करपलेल्या टोपात नवो भात कोण रांधता? आदी खरवडूक होया."

तिने उलथने दिले. धूळ उडेल म्हणून गुणाजीने तिला दारात बसवले. वरचाच थर निळा होता, संपाआधीच्या गणपतीचा. तो निघू लागला तसा त्याचा हात थांबला.

"गिरणी गेली, माका भीती वाटता गो, सुगंधा."

"वाटूं दे. माका पण वाटता."

एवढेच बोलणे झाले. पण मग हात जोरात चालू लागला. खाली हिरवा लागला. "हो आपल्या लताच्या बारशाच्या वर्साचो," सुगंधा म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी गुणाजी हसला.

माझी चीर लांबीच्या लगद्याने भरली, दोऱ्या नव्या ओवल्या, कडांना मेण चोळले. गुणाजीने तावदान उचलले. ते जरा अडखळले आणि सरसर वर गेले. धूर बाहेर पळाला. सुगंधाने माझ्यासमोर उभी राहून पोटभर श्वास घेतला. त्या क्षणी मला रडू आले असते, पण लाकडाला ती सोय नाही.

रंग त्याने पातळच लावला, आणि सुकेपर्यंत मला वर-खाली करत राहिला. म्हणाला, "परत चिकटाक देवचंय नाय."

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी खिडकी अशीच बसली असेल. एखादे माणूसही. पहार आणण्याआधी त्याच्याजवळ जरा बसा, हळूहळू खरवडा. हात दुखतील, वेळ जाईल. पण आत कोणीतरी अजून उघडायची वाट बघत असते.