साऱ्या भोरचा पाय

भोरमध्ये पहिली दोन वर्षं बनाबाईला कुणी नावानं हाक मारली नाही. तोंडावर ती "वेल्ह्याकडची" होती आणि पाठ वळली की "टाकलेली". मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी करून आणली, तेव्हा बना ऐन तरणीताठी होती. सासरच्यांनी तिला वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात, बापाच्या वस्तीवर आणून सोडलं. वस्ती म्हणजे धनगरांची चार-पाच घरं आणि त्यांची शेरडं-मेंढरं. तिथं ती शेण काढत, पाणी वाहत राहिली. कुठं बारसं असलं की तिला कुणी बोलवायचं नाही, आणि तीही जायची नाही.

धाकटा भाऊ भिमा शाळेत हुशार निघाला. वेल्ह्याच्या मास्तरांनी बापाला, कोंडिबाला, गळ घातली की पोराला भोरच्या हायस्कुलात घाला. घालायचं तर रांधून कोण वाढणार? कोंडिबा म्हणाला, "बना जाईल. तिला हितं काय काम हाय?"

तशी बनाबाई भोरला आली. बाजारामागच्या गल्लीत रतनबाईच्या घरातली पुढची खोली त्यांनी धरली. रतनबाई स्वभावानं वाईट नव्हती, पण सकाळी कुठं बाहेर निघायची असली की आधी खिडकीतून बघून घ्यायची, बना दारात उभी नाही ना.

मग भिमा धावला.

शाळेच्या खेळांत मोठ्या वर्गातल्या पोरांबरोबर त्याला आयत्या वेळी उभा केला होता. पहिले दोन फेरे तो सगळ्यांच्या मागं होता. धावताना त्याचं तोंड मिटलेलं आणि नजर खाली, जसं काही हरवलेलं शोधतोय. शेवटच्या फेऱ्यांत एकेक पोरगं दमत गेलं आणि हा तसाच, त्याच चालीनं पुढं निघून गेला. ड्रिलचे सावळाराम मास्तर शिट्टी वाजवायला विसरले. दुसऱ्या वर्षी वाईला शर्यत झाली, तिथं साताऱ्याची, फलटणची पोरं होती. भिमा तिथंही पहिला आला आणि भोर पेटलं.

हलवाई रोज तांब्याभर दूध पाठवू लागला. न्हावी त्याला रांगेत ताटकळू देईना. तालमीतल्या वस्तादांनी बदाम दिले आणि कसे भिजवायचे ते घरी येऊन सांगितलं. कापडाच्या दुकानात बसणारी माणसं विलायतेच्या शर्यतींच्या गप्पा मारू लागली. चार-चार वर्षांनी तिकडं सगळ्या जगाची शर्यत भरते म्हणे, हा पोरगा तिथं जाणार, आधी पुणं मारणार, मग मुंबई. कुणीतरी उठवलं की भिमानं पुण्याहून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीला घाटात मागं टाकलं.

बनानं विचारलं तेव्हा भिमा पोट धरून हसला. "आक्के, मोटारीचं पाणी उकळलं व्हतं. डायवर खाली उतरून बिडी वढत व्हता. म्या बाजूनं गेलो."

"मग सांगायचं की लोकांस्नी."

"सांगितलं. म्हनत्यात, पोरगं किती साधं हाय."

बनाबाईलाही हसू आलं. पण खरं बोलायचं तर तिला ती मोटारीची गोष्ट आवडत होती. आता ती बाजारात गेली की बाया सरकून जागा द्यायच्या. "भिमाची आक्का" म्हणायच्या, काही जणी तर "आक्काबाई". रतनबाईनं खिडकीतून बघायचं सोडलं. उलट पाहुणी आली की बनाला मुद्दाम बोलवून दाखवायची, "ह्या आमच्या भिमाच्या बहीण बरं का." नवऱ्याचं कुणी विचारीना. इतकी वर्षं खाली गेलेली मान एकदम वर उचलली की माणसाला जरा गरगरतं, तसं तिचं झालं होतं.

महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या सालची दिवाळी झाली आणि भिमाचा पाय दुखू लागला.

शाळेतून आल्यावर दिवेलागणीच्या आधी ती त्याच्या पायांना तेल लावायची. एके दिवशी उजव्या नडगीवर तिचं बोट एका जागी टेकलं आणि भिमानं पाय ओढून घेतला. तिनं पुन्हा चाचपलं. हाडावर हरभऱ्याएवढी जागा, पण नुसतं बोट लागलं तरी पोराच्या डोळ्यांत पाणी येई.

"कवापासनं?"

"झाले की पंधरा-वीस दिस."

"मास्तरांना बोललास?"

"बोललो. म्हनले, पळणाऱ्याला असं व्हतंच. हळद लाव, आन् मनातनं काढून टाक."

बनानं हळद लावली, निर्गुडीचा शेक दिला. दुखणं मनातून निघालं नाही आणि नडगीतूनही नाही. तिकडं संक्रांतीनंतर मोठी शर्यत ठरली होती, आंबवड्यापासून भोरच्या चौकापर्यंत. पुण्याची, साताऱ्याची शाळा येणार होती. चौकात मांडव घालायचं चाललं होतं. पहाटे भिमा धावायला निघाला की लोक दारात उभे राहून बघत आणि तो लंगडताना दिसायला नको म्हणून गल्ली संपेपर्यंत दात आवळून सरळ धावे. हे तिनं दारातून पाहिलं होतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी जेवताना त्यानं हात थांबवला.

"आक्के, तू हेडमास्तरांना सांगशील? म्या ह्या वक्ताला पळत न्हाई म्हून. पाय बरा झाल्यावर पळंन की. फुडच्या साली."

"तूच सांग की रं."

"माझं कुणी ऐकत न्हाई. म्या बोललो की म्हनत्यात, भ्यालास. तू मोठी हायस. तुझं ऐकतील."

"सांगते," बना म्हणाली. "उद्याच सांगते." आणि ते ती मनापासून म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या घरी हळदीकुंकू होतं. त्यांच्या बायकोनं स्वतः गडी पाठवून बनाला बोलावलं होतं. धुतलेलं लुगडं नेसून ती गेली ती हाच विचार करत, की आधी बोलायचं आणि मग बाकीचं. ओसरीवर भोरमधल्या चांगल्या घरच्या बाया बसल्या होत्या. ती दाराशी टेकायला लागली तशी हेडमास्तरीणबाईंनी तिचा हात धरून आत नेलं आणि पाटावर बसवलं. हळद लावली, कुंकू लावलं. खणानारळानं तिची ओटी भरली. टाकलेल्या बाईची ओटी! सासर सुटल्यापासून तिच्या पदरात कुणी तांदळाचा दाणा घातला नव्हता. पदर पुढं करताना ती अडखळली आणि ते बघून एक म्हातारी म्हणाली, "अगं, लाजतेस काय, कुणाची बहीण तू!"

निघताना हेडमास्तर बाहेरच्या खोलीत भेटले. मऊ बोलणारा, भला माणूस होता.

"काय म्हणतो आपला भिमा?"

"बरा हाय जी. त्याचं... पायाचं जरा..."

"पायाची काळजी घ्या हो," ते हसून म्हणाले. "तो पाय आता तुमच्या एकट्यांचा राहिला नाही. साऱ्या भोरचा आहे."

मागं बाया ऐकत होत्या. बनाच्या पदरात नारळ होता. तिनं तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "व्हय जी."

घरी भिमा दाराच्या पायरीवर वाट बघत होता. "सांगितलंस?"

"सांगितलं." ती त्याच्याकडं न बघता आत गेली. "म्हनले, बघू."

चार दिवस तो थांबला. शाळेत कुणी काही बोलेल, बोलावतील, म्हणून वाट बघत राहिला. पाचव्या दिवशी सावळाराम मास्तरांनी त्याला शर्यतीचा नवा सदरा दिला. तो घरी आणून त्यानं खुंटीला अडकवला, बहिणीकडं एकदा पाहिलं आणि जेवायला बसला. त्यानं काही विचारलं नाही. तेल लावायला ती बसली तेव्हा म्हणाला, "आज नगं."

शर्यतीच्या दिवशी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. बायांसाठी एका बाजूला जाजम अंथरलं होतं आणि बनाबाईला सगळ्यांत पुढं बसवलं होतं, हेडमास्तरीणबाईंच्या शेजारी. शर्यत सुटल्याची वर्दी आली. मग एक सायकलवाला आला, ओरडत आला, "भिमा फुडं हाय! लई फुडं हाय!" ताशा वाजू लागला. बाया बनाच्या पाठीवर हात फिरवू लागल्या.  बनाच्या मनात एक म्हणत होतं, देवा, पोचू दे. दुसरं म्हणत होतं, कदाचित काही नसंलच पायात, उगीच पोराचं मन.

बऱ्याच वेळानं रस्त्याच्या वळणावर एक पोरगा दिसला. लोक उठून उभे राहिले, ओरडले, आणि मग ओरडणं हळूहळू विझलं. तो साताऱ्याचा होता. त्याच्या मागून पुण्याचा आला. मग आणखी दोघं. ताशेवाल्यानं काठ्या खाली ठेवल्या.

"आमचा कुठंय?" कुणीतरी विचारलं.

शेवटी येणाऱ्या पोरानं धापा टाकत सांगितलं, "त्यो पडलाय. मळ्यापाशी."

बनाबाई उठली. जाजमावरून, माणसांतून, ती सरळ रस्त्याला लागली आणि पळत सुटली. बाईमाणूस भर रस्त्यानं पळतंय हे लोक बघत राहिले.

भिमा रस्त्याकडेच्या बाभळीला टेकून बसला होता. मळ्यातला म्हातारा शेतकरी, रखमाजी त्याचं नाव, त्याच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावत होता. उजवा पाय नडगीपाशी असा वाकला होता की बनाला बघवेना.

"काड मोडल्यागत आवाज झाला बाई," रखमाजी म्हणाला. "म्या मोटंवर व्हतो. तितवर ऐकू आला मला."

ती भिमापुढं मातीत बसली. घामेजलेलं त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. 

"तुमी सांगितलंच न्हाई ना?"

आयुष्यात तो तिला पहिल्यांदा "तुमी" म्हणाला.

"न्हाई," बना म्हणाली.

त्यानं मान हलवली. "मला वाटलंच."

रखमाजीनं बैलगाडी जुंपली आणि वैरण टाकून दोघांना भोरला आणलं. चौक तोवर रिकामा झाला होता.

लोक वाईट वागले असं म्हणता येणार नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय बांधला. आठ-दहा दिवस माणसं बघायला येत राहिली, हेडमास्तर आले. सावळाराम मास्तर दोनदा आले आणि दोन्ही वेळा पायाकडं न बघता उठून गेले. मग हलवायाचं दूध बंद झालं. मग लोकांना कारण हवं झालं. कुणी नजर लागली म्हणालं, कुणी साताऱ्याच्या पोरांनी काही केलं म्हणालं. आणि एके दुपारी रतनबाईच्या ओसरीवर बसलेली एक बाई, आत ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाली, "पांढऱ्या पायाची बहीण घरात. पोराचं बरं व्हायचं कसं? हळदीकुंकवाला काय बसवली, तिथंच चुकलं."

बना चुलीपुढं होती.  बाजेवरून भिमा ओरडला, इतक्या मोठ्यानं की गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं.

"माझा पाय आधीच गेला व्हता! मला ठावं व्हतं! म्याच कुणाला सांगितलं न्हाई! मला पळायची हाव व्हती, म्हून पळलो!"

ओसरीवरची बाई उठून गेली. संध्याकाळपर्यंत ते साऱ्या बाजारात पोचलं आणि लोकांना कारण मिळालं. पोरगं हावरं निघालं, दुखणं लपवलं, शाळेची लाज घालवली. बनाचं नाव कुणी पुन्हा घेतलं नाही.

ती त्याच्याजवळ गेली. "खोटं का बोललास रं? माझ्यापायी?"

"तुमी भाकरी टाका," तो म्हणाला. "भूक लागलीया."

पाय जुळला, पण बोटभर आखूड. भिमा काठी घेऊन शाळेत जाऊ लागला. अभ्यास करी, जेवी, बहिणीशी बोले. पण तिला तो "तुमी"च म्हणत राहिला, पाहुण्याला म्हणावं तसं. तिला वाटे, एकदा त्यानं शिव्या द्याव्यात, ताट भिरकावावं. तो रोज ताट धुऊन ठेवी.

पावसाळा संपता संपता बाजारात नवं नाव ऐकू येऊ लागलं. मूळचा सारोळ्याचा गेनू. वाण्याच्या दुकानापलीकडं फुटाणे भाजणाऱ्या फुलाबाईचा तो मुलगा, यंदाच हायस्कुलात आलेला. म्हणे नीरेच्या पुलावरून सुटला की दिसेनासा होतो. हलवायाकडचं दूध आता तिकडं जात होतं. एके सकाळी बनानं त्या पोराला धावताना पाहिलं. गल्ली संपेपर्यंत तो सरळ गेला आणि कोपऱ्यापलीकडं, कुणी नाही बघून, थांबला आणि वाकून त्यानं नडगी दाबली.

दिवसभर तिला काही सुचलं नाही. तिसऱ्या प्रहरी ती फुलाबाईच्या दारात गेली आणि उभ्या उभ्या सगळं बोलली. भिमानं काय सांगितलं होतं, ती काय सांगायचं म्हणून गेली होती, पाटावर बसल्यावर तिची जीभ कशी वळली नाही. "तुमच्या पोराचा पाय बघा बाई. आजच बघा. माझ्यावानी करू नगा."

फुलाबाई भट्टीपुढून उठली. तिच्या कपाळावर ताजं, ठसठशीत कुंकू होतं. "तुमच्या भावाचं झालं नाही, म्हणून माझ्या पोराचं बघवत नाही तुम्हाला," ती म्हणाली. "सणासुदीचं दारात येऊन अभद्र बोलता?" आणि तिनं दार लोटलं.

संध्याकाळी भिमाला वाढताना बनानं सांगून टाकलं. "आज म्या फुलाबाईला समदं सांगितलं. माझी चूक बी सांगितली."

भिमाचा घास हातातच राहिला. "काय म्हनली?"

"दार लावलं."

 त्यानं हात धुतला. "आईला सांगून काय उपेग? तिला दिसतंय का दुसरं काय?" त्यानं कोपऱ्यातली काठी ओढली. "पोराला सांगाय पायजे. अजून मैदानातच आसंल त्यो."

"म्या येऊ?"

"नगं." दारापर्यंत जाऊन तो थांबला. "माझं ताट झाकून ठेव."

त्या साली गेनू धावला नाही. तो गुपचूप दवाखान्यात गेला आणि डॉक्टरांनी त्याला दोन महिने बसवून ठेवलं. भोरमध्ये सगळीकडं एकच बोललं गेलं, की लंगड्यानं जळून पोराच्या मनात भीती घातली. फुलाबाई तर बनाबाई समोरून आली की रस्ता ओलांडून जायची. बना खाली मान न घालता चालत राहायची, आणि बाजारातली भाजी घ्यायची बाकी असली की घेऊनच घरी यायची.