कच्चा टाका

“पाठ टेकली की गुन्हा,” शिपाई म्हणाला. “बसायला बंदी नाही.”

“आणि बसल्या बसल्या डुलकी लागली तर?” मी विचारलं.

“डुलकी चालेल.”

“मान किती वाकडी झालेली चालते? दप्तरात कोनमापक आहे माझ्या. काढू?”

बाकावर बसलेले उस्ताद खो खो हसले. वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळाल्यापासून माझं तोंड असंच सुटतं. बाबा म्हणतात, हिला सायलेन्सर बसवायला हवा. पण शिपाई हसला नाही.

“ताई, कायदा मी केलेला नाही. मागच्या वेळी यांना समज देऊन सोडलं. आता रस्त्यात झोपलेले सापडले की थेट आत. म्हातारबा, ऐकू येतंय ना?”

“तेवढंच तर येतं रे आता,” उस्ताद म्हणाले.

उस्ताद म्हणजे बाबांचे गुरू. बाबा वेल्डिंग शिकले ते त्यांच्या हाताखाली, त्यांच्या शिव्या खात. जन्मभर त्या उजेडाशी खेळून उस्तादांचे डोळे गेले. डोळ्यांमागून काम गेलं, कामामागून खोली. आमच्या एका खोलीत आजीचे पाय आधीच ओट्याखाली असतात. तरी आम्ही त्यांना आणलं, तर घरमालक म्हणाला, एक तर ते जातील, नाहीतर तुम्ही सगळे. मग बाबांनी त्यांना वर्कशॉपमध्ये झोपवलं. तिथे पालिकेची माणसं आली: कामाच्या जागी माणूस राहिला तर वर्कशॉपला सील. शेवटी उस्तादांनी वळकटी उचलली आणि वर्कशॉपसमोरच्या बाकावर आले. “इथून तुझी हातोडी ऐकू येते,” ते बाबांना म्हणाले. “मला रेडिओ नको.”

आणि मग पालिकेचं ते काम आलं. सगळ्या बाकांच्या मधोमध लोखंडी कमानी बसवायच्या, म्हणजे कुणाला आडवंच होता येणार नाही. काम आलं कुणाकडे? आमच्याच बाबांकडे.

“नाही म्हणून सांगा,” आई म्हणाली.

“मी नाही म्हटलं तर दुसरा करेल. आणि दुसरा पक्कं करेल.”

आईला कळलं नाही. मला कळलं! उस्तादांच्या बाकावरच्या कमानीला बाबांनी नुसते कच्चे टाके मारले, वरून पुट्टी भरली आणि रंग फासला. जरा जोर लावला की कमान सुटणार. झोपताना काढायची, उठल्यावर परत उभी करायची. शिपाई लांबून बघतो, त्याला बाकावर कमान दिसली की झालं. मला तर बाबांना उचलून नाचावंसं वाटत होतं. उस्तादांना मात्र त्यांनी काही सांगितलं नव्हतं. ‘साहेब पास करून गेले की सांगू,’ म्हणाले.

इथेच बाबा चुकले. आमच्या वर्कशॉपमधून कुठलंही काम उस्तादांनी ठोकून ऐकल्याशिवाय बाहेर जात नाही. साधी कडी असली तरी. डोळे गेल्यावरही ते मोडलं नव्हतं.

काम संपलं त्या दुपारी शिपायाला घेऊन पालिकेचे साहेब आले. त्यांनी रंग बघितला, मान डोलावली आणि सहीसाठी पेन काढलं. तेवढ्यात उस्ताद उठले, चाचपडत बाबांच्या पिशवीतून हातोडी घेतली आणि निघाले एकेका बाकावरून. टण्ण. टण्ण. टण्ण. बाबांचा चेहरा पांढरा पडत चालला होता. उस्ताद स्वतःच्या बाकापाशी आले.

थप्प.

“कुणी केलंय हे? कच्चं आहे!”

मी धावत जाऊन त्यांचा हात दाबला. “उस्ताद, गप्प बसा ना,” त्यांच्या कानात कुजबुजले. “मुद्दाम केलंय. तुम्हाला झोपता यावं म्हणून.”

ते थांबले. कमानीवरून त्यांचा हात वरून खाली, पार टाक्यापर्यंत गेला. तिथे त्यांचा अंगठा जरा रेंगाळला.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“काही नाही साहेब. पोराने जरा घाई केली. आत्ता पक्कं करून देतो.”

“उस्ताद, राहू द्या,” बाबांचा आवाज चिरकला.

“राहू द्या? उद्या एखादी म्हातारी याला धरून उठायला जाईल आणि तोंडावर पडेल. मग नाव कुणाचं जाईल? तुझं. आणि तुला शिकवलं कुणी? चल, मशीन चालू कर.”

साहेब बघत होते. शिपाई बघत होता. आणि मी, बक्षीसवाली, उस्तादांचा हात सोडून मागे सरले.

उस्तादांनी दोन्ही हातांनी कमान सरळ धरली आणि तोंड फिरवलं. बाबांनी मास्क खाली ओढला. ठिणग्या उस्तादांच्या चपलांवर पडत होत्या, पण ते हलले नाहीत. मग त्यांनी हातोडी मारली.

टण्ण.

“हं,” उस्ताद म्हणाले. या एका ‘हं’साठी बाबा तरुणपणी कितीतरी रडले होते म्हणे.

साहेब सही करून गेले. शिपाईही गेला. बाबांनी वायर गुंडाळली, पिशवी भरली, मशीन उचललं. पण मास्क वर केला नाही. तसेच रस्ता ओलांडून गेले.

उस्ताद बाकाच्या एका अर्ध्यात बसले. वळकटी मांडीवर, पाठ ताठ, तळवा कमानीच्या जवळ धरलेला.

“उस्ताद, आता कुठे जाणार?”

“अगं, अजून गरम आहे हे,” ते म्हणाले. “निवेपर्यंत बसू दे.”