गालाचा नमुना

कुणी मेलं तरी चालेल, पेशी मरता कामा नयेत, हा आमच्या सरांचा कायदा. बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हाही मी इथंच, प्रयोगशाळेत, पेशींना खायला घालत होते. आई फोनवर म्हणाली, "तुझी पीएचडी म्हणजे अंगावर पितं बाळ झालंय गं." अस्सा राग आला! पण खोटं काय होतं त्यात? दिवसाआड पेशींचं खाणं असलेलं गुलाबी पाणी बदला, बाटलीत दाटी झाली की जास्तीच्या पेशी ब्लीचमध्ये ओता, उरलेल्या पुन्हा वाढवा. कधीच वारलेल्या एका बाईच्या यकृताच्या या पेशी. दुसऱ्या कुणी हात लावला की माना टाकायच्या. माझा हात मात्र त्यांना बरोबर कळायचा.

प्रबंध देण्याआधी पेशी त्या बाईच्याच आहेत ना, हे तपासून घ्यावं लागतं. सोबत हाताळणाऱ्याच्या गालात फिरवलेला कापसाचा बोळाही पाठवतात, त्याच्या पेशी मिसळल्या असतील तर कळावं म्हणून. एवढी चाचणी झाली की सुटले, लगेच घरी येते, असं आईला कबूल केलं होतं.

रिपोर्ट आला. बाटलीतल्या पेशी माझ्या निघाल्या. आणि माझ्या गालातल्या, त्या बाईच्या.

"लेबलांची अदलाबदल केलीस, शहाणे!" सर हसले. मलाही हायसं वाटलं. पुन्हा नमुने घेतले. या वेळी बोळा सरांनी स्वतः फिरवला, लेबलं स्वतः लावली, पाकीटही स्वतःच बंद केलं.

उत्तर तेच आलं.

सर माझ्या तोंडाकडे बघेचनात. खाकरून म्हणाले, "डोक्याला ताप नको. या बाटल्या ब्लीच करून टाक. फ्रीझरमधली गोठवलेल्या पेशींची जुनी कुपी काढू, तिची चाचणी पाठवू. होऊन जाईल तुझं काम." आणि निघूनच गेले. एरवी दारात उभं राहून तासभर पिडतात.

मी ब्लीच घेतलं, बाटलीचं झाकण सैल केलं. आणि तशीच थांबले. इतके महिने जास्तीचं जास्तीचं म्हणून मी काय ओतत होते? उरलंय तरी किती? बाटली उजेडात धरली. तळाशी धुरकट, पातळ थर. बस्स, एवढाच. मला रडूच फुटलं. झाकण घट्ट लावलं आणि बाटली इन्क्युबेटरच्या उबेत परत ठेवली.

तेवढ्यात आईचा फोन. "निघालीस का गं?"

"नाही जमणार, आई," मी म्हटलं. "मला इथं खायला घालणारं दुसरं कुणी नाही."