गच्चीवरचा गवंडी आणि फाटका मोजा

आता जे सांगतोय त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. नका ठेवू, माझं काही अडत नाही. हातात सुई असली की तोंड चालवायची मला खोड आहे, आणि घरात ही गोष्ट ऐकायची राहिलेली एकटी धाकटी सूनच होती. ती समोर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

आमच्या गल्लीत एक गवंडी होता. त्याची बायको गेली आणि तिच्यामागोमाग झोपही गेली. पुढे भिंती त्याच्याशी बोलायला लागल्या. एका दुपारी म्हणाल्या, ‘उडी टाक, सगळे सुटतील.’ गडी गच्चीवर चढला आणि कठड्यावरून पाय बाहेर सोडून बसला.

खाली हा गोंधळ! कुणी ओरडतंय, कुणी रडतंय. तेवढ्यात अँब्युलन्स आली. भोंगा कोपऱ्यावरच बंद केलेला, मांजर दुधाकडे जावं तशी आली. त्यातल्या बाईंनी गर्दी हटवली. वर पोचल्यावर बूट काढले, आवाजानं माणूस दचकू नये म्हणून. जोडीदाराला जिन्याच्या तोंडाशी उभं केलं, कारण बोलायचं एकानंच हा त्यांचा शिरस्ता. आणि स्वतः चार हात लांब फतकल मारून बसल्या.

“भिंती बोलतायत,” गवंडी म्हणाला.

“मला ऐकू येत नाही. पण तुम्हाला येतंय आणि त्याचा जाच होतोय, हे दिसतंय. मी इथंच आहे. मला घाई नाही.”

आणि खरंच नव्हती हो! इतका वेळ बसल्या, की कावळ्यानं त्यांच्या टोपीत घरटं बांधलं, अंडी घातली, पिल्लं उडूनसुद्धा गेली.

“कावळ्यानं अंडी घातली?” सूनबाई.

“कावळीण होती. मधे बोलू नकोस.”

तर गवंड्याची नजर बाईंच्या पायाकडे गेली. मोज्याचं भोक कुणीतरी जाड दोऱ्यानं आवळलेलं, तरी अंगठा बाहेर.

“हे कुणी शिवलं?”

“मीच.”

“शिवलंय की गळा दाबलाय? आधी उभे धागे घ्यायचे, सैल. मग आडवे, एक वरून, एक खालून.”

“मग दाखवा की करून. पण आत या. तिथून सुई पडेल.”

सुई पडेल, म्हणाल्या! गड्यानं पाय आत घेतले, खाली बसला, कॉलरला खोचलेली सुई काढली. अर्धा मोजा झाला आणि त्याला रडू फुटलं. बाईंनी पोटभर रडू दिलं. मग म्हणाल्या, “आता दवाखान्यात जाऊ. मी शेजारी बसते.” ना दोरी, ना दमदाटी. एक पाय अनवाणी ठेवून त्याच्यासोबत जिना उतरल्या.

बरेच दिवस दवाखान्यात काढले त्यानं. गोळ्या अजून घेतो. पण नातवंडं खेळवली, धाकट्याच्या लग्नात जेवणावर आडवा हात मारला. हे सगळं त्या बाईंनी दिलेलं. ते कसलं फिटतंय! म्हणून अँब्युलन्सवाल्यांचा एकही मोजा तो फाटका राहू देत नाही.

सूनबाईचे हात थांबले. तिनं माझ्या मांडीवरच्या काळ्या मोज्यांच्या ढिगाकडे पाहिलं, मग माझ्या कॉलरला खोचलेल्या दुसऱ्या सुईकडे.

“बाबा, थापा मारू नका! गवंडी कधी कॉलरला सुई खोचून फिरतो का? ती तर तुम्हा शिंप्यांची सवय! ते तुम्हीच होतात!”