पाच भोकांची तुळई

"सहावं भोक पाडा म्हंते न्हवं!" माझी बायको अंबूबाई खालून ओरडली. मी शिडीवर ड्रिल घेऊन उभा, पण हात पुढं जाईना.

चामराजपेटेतल्या आमच्या कौलारू घराची ही सागवानी तुळई. माळ्याचा सगळा भार तिच्यावर. आमच्या घरची रीत अशी, की प्रत्येक बाळाच्या पाळण्याला नवं भोक, नवा आकडा. एकाच्या आकड्यावर दुसऱ्याला झुलवायचं नाही. चार लेकरांची आणि एका नातवाची अशी पाच भोकं मीच पाडली, तीही ऐन मधोमध, हातभर जागेत. आणि मी जातीचा सुतार! आता या भोकातून त्या भोकात भेग पळाली होती. तुळई दोन बोटं खाली वाकली होती. आणि उद्या आमच्या लेकीच्या, पवित्राच्या पोरीचं बारसं.

"अगं, आनि एक पाडलं तर माळा पोरीच्या अंगावर यील. जुनी बुजवून घिऊ."

"जित्या लेकरांची भोकं बुजवताय? जीभ कशी वळती तुमची?"

सकाळपासून मी तीनदा चढलो, तीनदा उतरलो. जेवलोही उभ्यानंच, वर बघत.

दुपारी जावई शिवकुमार पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून दोन जाड लोखंडी पट्ट्या घेऊन आला. "मामा, बुजवू नका काय. दोन्ही अंगानी पट्ट्या लावू. भेग संपती तिथनं पुढं, चांगल्या लाकडात बोल्ट. आधी जॅक लावून तुळई स्वल्प वर घ्या."

"बोल्टाला भोकं लागत न्हाईत व्हय?" अंबूबाईनं बरोबर पकडलं. "चार! ती कुनाच्या नावाची?"

शिवकुमारनं पट्टी तिच्यापुढं धरून बोल्टांच्या जागा दाखवल्या.

कोपऱ्यात बाळाला पाजत बसलेली पवित्रा म्हणाली, "अव्वा, भिंतीजवळचं हिच्या नावाचं धर की. त्याच बोल्टाला पाळना अडकवू. मधल्या भोकास्नी कोन हात लावतंय?"

अंबूबाई बराच वेळ पट्टीवरनं बोट फिरवत राहिली. "सरी, चालंल. पन ते पैलं पाडा. आनि आडवंतिडवं नगं."

मी पाडलं. एवढं सरळ भोक उभ्या जन्मात पाडलं नव्हतं. जॅकनं तुळई वर उचलून पट्ट्यांचे बोल्ट आवळले. मग शिवकुमारनं जॅक केसाकेसानं खाली सोडला. तुळई करकरली. पवित्रा बाळ घेऊन दारात पळाली. पुन्हा एकदा करकरली आणि गप्प झाली.

"आना त्या पोरीला," मी म्हणालो.

"थांबा!" अंबूबाईनं लुगड्याची झोळी बोल्टाला बांधली, पदर खोचला आणि स्वतःच आत बसली. "माझं जगून झालंय. द्या झोका."

शिवकुमार हसत सुटला. मी झोका दिला, पण एक हात तुळईला लावूनच.

"दोन हातानं द्या की वो," ती आतून म्हणाली, "का तुमचाच भरोसा न्हाई तुमच्या कामावर?"

मी तुळईवरचा हात काढला.