राजनंदिनीचं नाव लाल झालं

विद्यापीठाच्या ग्रंथालयात बिग डेटा येणार म्हणून ग्रंथपाल स्टेला भिंगारदिवे पुण्याला जाऊन प्रशिक्षण घेऊन आल्या. प्रमाणपत्र मिळालं, पण डोक्यात फारसं काही शिरलं नाही. विद्यार्थी कधी येतात, कोणती पुस्तकं नेतात, काय शोधतात, हे सगळं एकत्र करून मशीन अंदाज बांधतं, एवढंच समजलं.

आणि एका सोमवारी पडद्यावर राजनंदिनीचं नाव लाल झालं.

"ही मुलगी शिक्षण सोडणार, मॅडम," संगणक विभागाचा रविराज म्हणाला. "पाच वाजता तिच्या वडिलांना आपोआप मेसेज जाईल."

"अरे, पण ती तर रोज येते!"

"येते. पण विषयाचं पुस्तक उघडत नाही."

राजनंदिनी जामखेडची, मृदाशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. स्टेलाबाईंनी तिला केबिनमध्ये बोलावून सरळच विचारलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुमाला कुनी सांगितलं, मॅडम? मी तर मैत्रिणीलाबी बोलले न्हाई."

"कॉम्प्युटरनं. पाच वाजता तुझ्या वडिलांनाही मेसेज पाठवणार आहे तो."

"त्याला काय म्हाईत? पोलीस भरतीचं मनात हाय, पण माझंच अजून ठरंना. आन् पप्पांना आजच कळणार व्हय?" ती रडायलाच लागली.

पोरीचं अजून ठरलं नव्हतं, आणि मशीनचं मात्र ठरून गेलं होतं. बापाला कळू द्यावं की नाही? प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी फोन उचलला. "रविराज, तो मेसेज थांबव."

"'बोलणं झालं, अडचण नाही' अशी नोंद केली तरच थांबतो. पण ते खोटं होईल, मॅडम. मशीन चुकीचं शिकेल."

पाच वाजत आले होते. बाईंनी नोंद करून टाकली. मग राजनंदिनीला म्हणाल्या, "घरी तूच सांग. पण सांग, बाई."

रविवारी गावी जाऊन तिनं सांगितलं. वडिलांनी दोन दिवस अबोला धरला. मग म्हणाले, "आधी परीक्षा दे, मग पळ कुठं पळायचं ते." ती परीक्षा पास झाली, आणि आता भरतीसाठी रोज पहाटे मैदानावर पळते.

म्हणजे शिक्षण काही सुटलं नाही. मग बाईंची नोंद खरी की खोटी? आणि मशीननं सांगितलंच नसतं, तर पोरीला कुणी विचारलं असतं का? स्टेलाबाई यावर जितका विचार करीत, तितका गुंता वाढे.

वार्षिक बैठकीत कुलगुरूंनी विचारलं, "काय मॅडम, ग्रंथालय बिग डेटासाठी तयार आहे ना?"

"हो" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं, "मला अजून कळत नाही, सर."

सगळे हसले. त्या मात्र खरंच सांगत होत्या.