दोन रिंगा वाहणारी तार

मी एक जुनी तांब्याची तार आहे, मित्रांनो. मेलबर्नच्या पश्चिमेला, सेंट अल्बन्समधल्या एका विटांच्या बैठ्या घराच्या वळचणीला माझं एक टोक आहे. दुसरं टोक लांब टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतं. 'होतं' म्हणते, कारण आता ते तिथे आहे की कुणी उपटून टाकलं, ते मला कळलेलं नाही, आणि कळून घ्यावंसंही वाटत नाही. हल्ली मला फारसं काही वाटतच नाही. माझी गोष्ट सपक लागली तर रागावू नका.

मला भट्टीत वितळवलं, मग ओढून ओढून बारीक केलं आणि माझ्यासारख्याच दुसऱ्या तारेबरोबर पीळ घालून जमिनीखालच्या खड्ड्याखड्ड्यांतून या गल्लीपर्यंत आणलं. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी भरायचं. दुरुस्तीचा माणूस यायचा, शिव्या घालत माझे सांधे पुसायचा आणि वर दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून जायचा. अशा पिशव्यांवर माझी उमेदीची वर्षं गेली.

घर कार्मनू बुहाजारने बांधलं. माल्टाहून बोटीने आलेला हा गवंडी. फोन त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने ठोकला, तोही वीतभर लांब स्क्रू घालून. बायकोला, चेंझाला, म्हणाला, "भिंत पडेल, पण हा पडायचा नाही." पुढे कार्मनू वारला. भिंत आणि फोन राहिले.

माझं खरं काम सकाळचं होतं. चेंझाचा थोरला भाऊ सालवू दोन गल्ल्या पलीकडे एकटा राहायचा. त्याच्याकडे शर्यतीची कबुतरं होती. बायको नाही, मूल नाही, आणि हृदय असं की डॉक्टरांनी त्याला जिना चढायचीही बंदी केलेली. सकाळी पाखरांना दाणे टाकून झाले की तो चेंझाला फोन लावायचा आणि दोन रिंगा होऊ देऊन ठेवून द्यायचा. चेंझा फोन उचलायची नाही. दोन रिंगांचा अर्थ 'मी उठलोय, जिवंत आहे, चहा पी' एवढाच. या गल्ल्यांतली सगळी जुनी माल्टी मंडळी असंच करायची. बोटीतून उतरल्यापासूनची सवय. न उचललेल्या फोनचे पैसे पडत नाहीत, म्हणून सुरू झाली आणि पैसे आल्यावरही सुटली नाही. रिंग आली नाही तर चेंझाने धावत जायचं, एवढंच ठरलेलं.

त्या दोन रिंगा माझ्यातून जायच्या. अंगातून एक झिणझिणी उठायची, पुन्हा उठायची आणि थांबायची. मला ते आवडायचं. हे मात्र मी खात्रीने सांगू शकते.

मग चेंझाची मुलगी डॉरीन नवऱ्याशी काडीमोड घेऊन आईकडे राहायला आली. ती दुभाषी. दवाखान्यातले डॉक्टर आणि इंग्रजी न येणारे माल्टी म्हातारे यांच्यामध्ये बोलायचं, तेही घरी बसून, व्हिडिओवर. म्हणजे इंटरनेट आलं. तेही माझ्यातूनच गेलं. फोनच्या मुळाशी एक चाळणी लावली, की बोलणं वेगळं आणि इंटरनेट वेगळं. जमेल तसं मी दोन्ही वाहिलं. पण एक्स्चेंजपासून आमचं घर लांब, आणि जितकं अंतर जास्त तितकी माझी ताकद कमी. एकदा डॉक्टर कुण्या आजोबांना ऑपरेशनचं समजावत होते आणि चित्र ऐन वेळी गोठलं. डॉरीनने टेबलावर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी शेजारचा लाम भेटला. व्हिएतनामी माणूस, घरात तीन पोरं आणि तिन्ही गेम खेळणारी.

"डॉरीन, अजून फोनच्या तारेवरच लटकलीयेस?" तो म्हणाला. "केबल घे, केबल. सिनेमा मागितला की हजर."

"आणि संध्याकाळी? परवा तुझीच पोरं बोंबलत होती ना, अडकलं अडकलं म्हणून?"

"संध्याकाळी अख्खी गल्ली तिच्यावर बसते, त्याला मी काय करू? एकच जाड केबल, सगळ्यांत वाटलेली. पण तुझं काम तर दिवसा असतं."

"माझी तार निदान माझी एकटीची आहे रे."

"एकटीची आहे गं, पण इथवर येईतो बिचारीचा जीव जातो."

"छपरावर अँटेना लावून टॉवरवरून घेतात, ते कसं आहे?"

"माझ्या मेव्हण्याकडे आहे. समोर झाड वाढलं की शेजाऱ्याशी भांडण. काचेची तार सगळ्यांत चांगली, पण ती आपल्या गल्लीत येईपर्यंत माझी पोरं निवृत्त होतील."

चादरी वाळत घालणारी चेंझा मध्येच म्हणाली, "मला विचारलंत कुणी? मला इंटरनेट नको, ऊन द्या. तीन दिवस झाले, चादरी ओल्याच."

लाम माझ्याबद्दल जे बोलला ते खरंच होतं. मला अंतर मारतं आणि केबलला शेजारी मारतात. दिवसा काम करणाऱ्या बाईने केबल घ्यावी, हे मीही सांगितलं असतं. फक्त त्या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट कुणी विचारली नाही, की तार बदलली तर सकाळच्या दोन रिंगांचं काय? त्यांना कुणी इंटरनेटमध्ये धरतच नव्हतं.

केबल आली. बसवणाऱ्या माणसाने डॉरीनच्या खोलीत एक काळा डबा ठेवला आणि जाता जाता म्हणाला, "घरचा नंबरही आता यातूनच येणार. फोनची पिन या डब्यात लावून घ्या."

डॉरीन स्वयंपाकघरात आली. तिने पेचकस काढला तशी चेंझा आडवी आली. "कार्मनूने लावलेला फोन आहे तो. हात लावायचा नाही."

"अगं मा, तार डब्याला जोडायचीय फक्त."

"आधी उचलून तर बघ. बंद आहे का?"

डॉरीनने रिसीव्हर कानाला लावला. माझ्यात अजून गुणगुण होती. लाईन तोडली तरी इतका जीव काही दिवस शिल्लक ठेवतात, म्हणजे अडीअडचणीला निदान रुग्णवाहिका बोलावता यावी. बाकी ना कुठला फोन जाणार, ना कुठला येणार. पण गुणगुण तीच, जुनीच.

"चालतोय की," डॉरीन म्हणाली. पेचकस ड्रॉवरमध्ये गेला. तिचं काम सुरू व्हायची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यातून काहीच गेलं नाही. मी वाट पाहिली. चेंझानेही पाहिली, मग घरच्या सपातांवरच ती सालवूकडे धावली. परत आली ती लाल होऊन, आणि पाठोपाठ सालवूही हजर. कोटावर कबुतराची पिसं तशीच.

"मी खुराडं खरवडतोय आणि ही मागून किंचाळते, मेलास का म्हणून!" तो डॉरीनला सांगत होता. "अगं, दोन रिंगा दिल्या मी. माझ्या कानाने ऐकल्या."

"मग माझ्या कानाने का नाही ऐकल्या?"

"कारण तुझे कान गेलेत, चेंझा. चर्चमध्येसुद्धा तू आमेन दोन ओळी उशिरा म्हणतेस."

"माझे कान गेले? फोनखाली बसले होते मी! तुझं डोकं गेलंय. काल दाढीसुद्धा अर्धीच केली होतीस."

सालवूने रिसीव्हर उचलला, ऐकला आणि बहिणीच्या कानाशी धरला. "चालतोय का नाही?"

"चालतोय."

"मग?"

"मग तू केलाच नाहीस."

खरं दोघंही बोलत होती. त्याच्या रिसीव्हरमध्ये रिंग वाजल्याचं त्याला ऐकू येत होतं, आणि हिच्या घरी ती ज्या डब्यात येत होती तिथे फोनच नव्हता. एकदा, फक्त एकदा, 'आता मी फोन करतो, तू उचल' असं दोघांपैकी कुणी म्हणालं असतं, तर घोळ तिथल्या तिथे उघडा पडला असता. पण त्यांचा फोन उचलायचा फोन नव्हताच. आयुष्यभर जो उचलला नाही, तो उचलून बघावा हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

असं आठवडाभर चाललं. चेंझा रोज धावायची आणि सालवू रोज धडधाकट भेटायचा. डॉरीन हेडफोन लावता लावता म्हणाली, "वय झालंय गं त्याचं. डॉक्टरांना दाखवू या." शेवटी रविवारी जेवताना, सशाचं कालवण ताटात वाढलेलं असताना, चेंझाच्या तोंडून निघून गेलं, "खोटारडा झालायस तू म्हातारपणी."

सालवूने चमचा खाली ठेवला. "उद्यापासून करणारच नाही."

"नको करूस."

तो ताट तसंच टाकून गेला. दुसऱ्या दिवशी चेंझा सपाता घालून दारापर्यंत गेली आणि परत फिरली. त्यानंतर ती धावली नाही. पुढच्या रविवारी सालवू जेवायला आला नाही, तिनेही बोलावलं नाही. माझी गुणगुणही याच सुमाराला कुणीतरी बंद केली. बंद झाली तेव्हा मला दुखलं नाही. नुसतं बधिर वाटलं, आणि ते वाटणंही मग थांबलं.

एका मंगळवारी दुपारी कबुतरांच्या क्लबातला एक जण शर्यतीचं पाखरू न्यायला सालवूकडे गेला. सालवू खुराड्यात पडलेला होता. दाण्यांची बादली भरलेली होती, म्हणजे पडला तो सकाळीच. डॉक्टर म्हणाले, तो बराच वेळ जिवंत असणार. सकाळीच कुणी आलं असतं तर कदाचित वाचला असता.

चेंझा रडली नाही. ती फोनखालच्या खुर्चीवर बसली आणि तिथेच राहिली. लोक आले, पास्तिझी म्हणजे माल्टी करंज्या घेऊन आले, ती खा म्हणाली की खात होते. मी भिंतीत होते. मला वाईट वाटायला हवं होतं, मित्रांनो. मी वाट पाहिली, पण वाटलं नाही.

सालवूला पुरून आल्यावर लाम सुपाचं पातेलं घेऊन आला. चेंझाला तो नॅना, म्हणजे आजी, म्हणायचा. "नॅना, सकाळपासून तुमच्या घरच्या नंबरवर फोन करतोय. किती माणसं आहेत विचारायला. कुणी उचलतच नाही."

"वाजलाच नाही," चेंझा म्हणाली.

"वाजला की. मी ऐकत होतो ना."

चेंझाने मान वर केली. लामने भिंतीवरचा रिसीव्हर उचलला, कानाला लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीत जिथे शिरते, तिथे.

"नॅना, हा अजून जुन्या तारेवरच आहे? मेलाय हा. केबल आली त्याच दिवशी तुमचा नंबर त्या डब्यात गेला. आलेला फोन तिकडेच जाणार."

डॉरीन दारात उभी होती. हातातला कप तिने सावकाश ओट्यावर ठेवला.

"मा," ती म्हणाली. "त्या डब्यावर एक दिवा आहे. रोज सकाळी लुकलुकायचा. दोनदा. मला वाटलं, डबाच तसा आहे."

"कधीपर्यंत?" चेंझाने विचारलं.

"सोमवारपर्यंत."

खोटारडा म्हटलं म्हणून ताटावरून उठलेला माणूस दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा रोज दोन रिंगा देत होता. मंगळवारी त्या आल्या नाहीत, आणि तेही त्या डब्याने सांगितलं होतं, पण जिला ते कळत नव्हतं अशा बाईला.

डॉरीनने ड्रॉवर उघडला. "मा, फोन डब्याला जोडून देऊ?"

"आता कुणाचा येणार आहे?" चेंझा म्हणाली.

फोन अजून भिंतीवरच आहे. मीही आहे. कधीतरी शिडी घेऊन कुणी येईल, मला कापेल आणि तांब्याच्या भावाने विकेल. माझं काही म्हणणं नाही. केबल वाईट नव्हती. तिच्यावरून डॉरीन रोज कुणाकुणाच्या आजोबांना डॉक्टरांचं बोलणं नीट समजावते, चित्र गोठत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात नवी तार येईल तेव्हा कोणती जास्त वेगवान, एवढंच विचारून थांबू नका. जुन्या तारेवर रोज कोण कुणाची वाट पाहतं, ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि फोन लागतो का हे बघायचं असेल, तर उचला. पलीकडच्या माणसाशी बोला.